राजपुत्राचा पुण्यातील पुनर्जन्म

तळघराच्या दगडी फरशीवर पांढऱ्या कपड्यांतील एक तरुण उंचावरून येऊन पडतो आणि त्याच्या मागे लोखंडी दार धाडकन बंद होते. त्याच्या हाती शस्त्र नाही, पायांत जोडे नाहीत. वरच्या महालात वजीर जाफरने राजकन्येसमोर वाळूचे घड्याळ ठेवले आहे. साठ मिनिटांत विवाहाला होकार, नाही तर मृत्यू. सुलतान दूर देशी युद्धावर गेलेला. तळघरापासून महालापर्यंत बारा टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात निखळणाऱ्या लाद्या, जमिनीतून वर येणारे सुळे, कातरीसारखी मिटणारी पाती आणि तलवार उपसून उभे असलेले पहारेकरी.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाची ही सुरुवात १९९० च्या दशकात संगणकासमोर बसण्याची संधी मिळालेल्या विद्यार्थ्यांना सहसा विसरता येत नाही. आज त्या पिढीची मुले शाळेत आहेत. मुलाच्या हातातील मोबाइल काढून घेणाऱ्या पालकांपैकी काहींनी एके काळी याच राजपुत्रासाठी जेवणाची हाक ऐकून न ऐकल्यासारखी केली असेल. परंतु त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की या राजपुत्राची दुसरी साहसकथा वीस वर्षांनी तळहातावर मावेल अशा रूपात नव्याने घडवली गेली, आणि ती घडवणारे हात पुण्यातील होते. त्या पुनर्निर्मितीचा इतिहास सांगायचा तर आधी मूळ कृतीकडे जावे लागते. कारण काय बदलले हे कळण्यासाठी काय होते हे नीट पाहिले पाहिजे.

जॉर्डन मेकनर हा न्यूयॉर्कचा तरुण. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' हा खेळ तयार केला आणि १९८४ मध्ये ब्रॉडरबंड या कंपनीने तो प्रसिद्ध केला. पुढच्या खेळासाठी त्याच्या मनात अरबी कथांचे वातावरण होते. 'थीफ ऑफ बगदाद' हा १९४० चा चित्रपट त्याच्या प्रेरणास्थानांपैकी एक. त्या चित्रपटातील चोराची भूमिका म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा साबू याने केली होती, हा योगायोग भारतीय वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. मराठी घरांना तर हे जग अनोळखी नव्हतेच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'नी वजीर, सुलतान आणि जादूचे गालिचे एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणून ठेवले होते.

मेकनरची खरी चिंता मात्र कथेची नव्हती, चालण्याची होती. त्या काळातील खेळांतील माणसे बाहुल्यांसारखी हलत. त्याला माणूस माणसासारखा धावायला, अडखळायला, काठ धरून लोंबकळायला हवा होता. १९८५ मध्ये त्याने आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर धावायला आणि उड्या मारायला लावले व ते सारे व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपले. मग त्या चित्रफितीतील एकेका क्षणाचे छायाचित्र काढून, त्यावर आकृतीची कडा रंगाने ठळक करून, ती चित्रे संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी त्याने १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील द्वंद्वाचा आधार घेतला, कारण त्यातील काही सेकंदांच्या दृश्यात दोन्ही योद्धे अगदी बाजूने दिसतात. खेळाचे संगीत त्याचे वडील फ्रान्सिस मेकनर यांनी रचले. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ. लहानपणी नाझी अमलातील युरोपातून ते निसटले होते. भाऊ धावला, वडिलांनी सूर दिले, मुलाने आज्ञावली लिहिली. असा हा एका घराचा खेळ.

याच खेळातील सर्वांत सुंदर कल्पना अडचणीतून जन्माला आली. अॅपल-२ या संगणकाची स्मृती भरत आली होती. नव्या पात्राची चित्रे साठवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचेच चित्र घेतले, ते किंचित सरकवून त्याच्यावरच आरोपित केले, आणि पडद्यावर एक फिकट, झिलमिलणारी छायाकृती उभी राहिली. चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशातून आरपार उडी मारतो आणि त्याच क्षणी त्याच्यातून ही सावली निघून जाते. पुढे ती त्याच्यासाठी ठेवलेले औषध पिऊन टाकते, ऐन वेळी त्याच्या समोरचे दार बंद करते. शेवटच्या टप्प्यात ती तलवार घेऊन समोर ठाकते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो, तिला मारले तर तोही मरतो. तोड एकच, तलवार म्यान करायची. तसे केले की दोघे एकमेकांकडे चालत येतात आणि एक होतात. हे कुणीही न सांगता ज्या मुलाला उमगले असेल, त्याला त्या दिवशी जे मिळाले ते क्रमिक पुस्तकातील एखाद्या धड्याहून कमी नसावे.

ऑक्टोबर १९८९ मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा अॅपल-२ चा काळ संपत आला होता. विक्री निराशाजनक होती. पुढच्या वर्षी तो डॉस प्रणालीवर आला, मग एकामागून एक इतर यंत्रांवर, आणि हळूहळू जगभर पसरला.

भारतात तो आला तो मात्र दुकानातून क्वचितच. संगणक शाळेत आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न म्हणजे १९८४ मध्ये सुरू झालेला 'क्लास' प्रकल्प. त्यात निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. १९९० च्या दशकात डॉसवर चालणारी यंत्रे आली आणि त्यांच्याबरोबर शहराशहरांतून संगणकाचे खासगी वर्ग. जबलपूरसारख्या शहरात, जिथे १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय होते आणि कारखान्यांमुळे तांत्रिक शिक्षणाची ओढ घराघरांत होती, संगणक शिकणे ही लवकरच प्रतिष्ठेची बाब झाली. शिकायचे होते बेसिक आणि लोटस. पण तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत पडद्यावर यायचा तो राजपुत्र. वर्गात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, खोलीत एकच वातानुकूलन यंत्र असे आणि ते माणसांसाठी नसून संगणकासाठी असे. पडदे पुष्कळदा एकरंगी, त्यामुळे राजपुत्राचे रक्त हिरवे किंवा पिवळे दिसे. त्याने काही बिघडत नसे.

खेळ एका फ्लॉपीत मावत असे, आणि फ्लॉपी खिशात. नक्कल करून वाटणे हा त्या काळचा सर्रास व्यवहार होता. अमेरिकन प्रकाशकाने त्याविरुद्ध एक युक्ती योजली होती. पहिला टप्पा संपल्यावर राजपुत्र एका खोलीत येतो, तिथे अनेक कुप्या ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीवर एक अक्षर. खेळाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतील अमुक पानावरील अमुक शब्दाचे पहिले अक्षर ज्या कुपीवर असेल तीच प्यायची. चुकीची प्याली तर मरण. पुस्तिका कुणाकडेच नसायची. मग अंदाज, पुन्हा अंदाज, आणि ज्याच्या अंदाजाला यश येई तो त्या दिवसापुरता वर्गातील विद्वान. दुसरे ज्ञान असे तोंडोतोंडी फिरणारे होते: खेळ सुरू करताना 'प्रिन्स' या शब्दापुढे 'मेगाहिट' हा शब्द टंकित केला की टप्पे ओलांडता येतात आणि आयुष्य वाढवता येते. हा शब्द कुणी शोधला, कसा आला, हे विचारण्याची पद्धत नव्हती. तो मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पोहोचला. आणि या सगळ्यावर मात करणारा एक शत्रू मेकनरच्या कल्पनेतही नव्हता. मध्य प्रदेशात वीज हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा होता की २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर लढली गेली. साठ मिनिटांच्या मुदतीत चव्वेचाळिसाव्या मिनिटाला पंखा थांबला की जाफर न लढताच जिंकत असे.

खेळ हातात घेऊन फिरण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये 'गेम बॉय' हे छोटे यंत्र आणले होते आणि १९९२ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' त्याच्या इवल्याशा पडद्यावरही उतरला. भारतीय मुलांच्या हाती मात्र गेम बॉय फारसा आलाच नाही. त्यांच्या वाट्याला जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा विटा रचण्याचा स्वस्त 'ब्रिक गेम' आला, आणि नंतर नोकियाच्या फोनवरील साप. तळहातावर खरी साहसकथा येण्यासाठी त्यांना मोठ्या स्पर्शपडद्याच्या फोनची वाट पाहावी लागली.

मूळ खेळाचा दुसरा भाग, 'द शॅडो अँड द फ्लेम', १९९३ मध्ये आला. भारतात तो पहिल्याइतका पसरला नाही. एका फ्लॉपीत न मावणे हेही त्याचे एक कारण असावे. परंतु कथेच्या दृष्टीने तो अधिक श्रीमंत आहे. विजयानंतर अकरा दिवसांनी राजपुत्र दरबारात प्रवेश करतो तेव्हा त्याचे कपडे चिंध्या झालेले असतात. जाफरने जादूने त्याचे रूप हिरावून घेतले आहे आणि सिंहासनाजवळ राजपुत्राच्या चेहऱ्याने तोच उभा आहे. राजकन्या त्याला ओळखत नाही. पहारेकरी धावतात. तो खिडकीतून उडी घेतो, छपरांवरून पळतो, बंदर सोडणाऱ्या जहाजावर झेप टाकतो. वादळात जहाज फुटते, एका अनोळखी बेटावर त्याला जाग येते. पुढे सांगाड्यांनी भरलेल्या गुहा, उडता गालिचा, उद्ध्वस्त नगरी. तिथे त्याला कळते की तो कुणी अनाथ भटक्या नसून एका राजाचा मुलगा आहे, आणि त्याच्या आईवडिलांचे राज्य जाफरनेच बुडवले. पहिल्या भागातील सावली येथे शत्रू राहत नाही. राजपुत्र स्वतः देह सोडून सावली होण्याची कला शिकतो आणि पवित्र ज्योत घेऊन परततो. मुदत या वेळी पंचाहत्तर मिनिटांची. शेवटी एक वृद्ध जादूगारीण गोलकात हे सारे पाहत असल्याचे दिसते. ती कोण, तिचा हेतू काय, याचे उत्तर पुढील कोणत्याच भागाने दिले नाही.

पुण्याकडे येणारा धागा फ्रान्समधून निघतो. युबिसॉफ्ट ही कंपनी १९८६ मध्ये ब्रिटनी प्रांतातील गियमो घराण्यातील पाच भावांनी स्थापन केली. गेमलॉफ्ट ही मोबाइल खेळांची कंपनी याच घराण्यातील एका भावाने स्थापन केलेली. या शतकाच्या सुरुवातीस 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे हक्क युबिसॉफ्टकडे आले. गेमलॉफ्टने पुण्यात स्टुडिओ चालवला होता. तो २००८ मध्ये युबिसॉफ्टने आपल्याकडे घेतला आणि 'युबिसॉफ्ट पुणे' उभा राहिला. परदेशी कंपन्यांची अशी केंद्रे भारतात प्रथम मिळवतात ती कामे साधारणतः एकाच जातीची असतात. एका यंत्रासाठी केलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर बसवायचा, चुका शोधायच्या, तुकडे जोडायचे. मूळ कल्पना दुसरीकडची, घाम इथला. या पार्श्वभूमीवर एका अभिजात खेळाचा दुसरा भाग नव्याने रचण्याचे काम पुण्याकडे आले, ही साधी गोष्ट नव्हती. जुलै २०१३ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द शॅडो अँड द फ्लेम' आयफोन आणि अँड्रॉइड फोनवर प्रसिद्ध झाला.

पुनर्निर्मिती या शब्दाने मराठी वाचकाने बिचकण्याचे कारण नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला आणि आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. रूपांतराची कसोटी शब्दाला शब्द जुळण्यात नसते, मूळ कृतीने प्रेक्षकाकडून जे करवून घेतले ते नवी कृती करवून घेते की नाही यात असते. जबलपूरकरांना तर ही गोष्ट अंगवळणी पडलेली आहे. येथील लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावरील दोन जुने खेळ एकत्र करून स्नूकर घडवला, असे सांगितले जाते. येथील व्हेइकल फॅक्टरीने जर्मन आराखड्यावरून शक्तिमान ट्रक आणि जपानी आराखड्यावरून जोंगा बनवली. आणि ज्या धनुष तोफा गन कॅरेज फॅक्टरीतून ८ एप्रिल २०१९ रोजी लष्कराच्या स्वाधीन झाल्या, त्यांचा उगम बोफोर्सबरोबरच्या करारातून मिळालेल्या तंत्रज्ञानाच्या कागदपत्रांत होता. जुना आराखडा समोर ठेवून नव्या पोलादात तीच गोष्ट पुन्हा उभी करणे किती अवघड, हे कारखान्यात आयुष्य घालवलेल्या घरांना सांगावे लागत नाही.

पुण्याच्या कारागिरांपुढील अडचण पोलादाची नव्हती, बोटाची होती. मूळ खेळ कळफलकासाठी रचला होता. बाणाच्या कळांनी धावायचे आणि शिफ्टची कळ दाबून एकेक सावध पाऊल टाकायचे. काठाशी आलो की ते सावध पाऊल आपोआप थांबे. एक कळ म्हणजे एक पाऊल, असा हिशेब बोटांना पाठ होत असे. धावणारा राजपुत्र एकदम थांबत नसे. त्याला गती होती, वजन होते, आणि म्हणून उडी कुठून मारायची हे दोन लाद्या आधी ठरवावे लागे. फोनच्या गुळगुळीत काचेवर कळ नाही, तिचा उठाव नाही, तिची खटका बसल्याची जाणीव नाही. शिवाय ज्या बोटाने खेळायचे तेच बोट चित्र झाकते. पुण्यातील मंडळींनी दोन वाटा ठेवल्या. एक, पडद्यावर उमटलेल्या आभासी कळा. दुसरी, बोट डावीकडे, उजवीकडे, वर, खाली ओढून राजपुत्राला हलवण्याची. चित्रे सपाट ठिपक्यांऐवजी घनाकृती झाली. तळघरांना खोली आली, मशालींना उजेड आला, तलवारबाजीत नवे डाव आले. कथा मात्र तीच राहिली. चिंध्यांतील राजपुत्र, जहाज, बेट, ज्योत.

समीक्षकांचे मत संमिश्र होते, आणि प्रामाणिकपणे पाहता ते अन्याय्य म्हणता येणार नाही. चित्रांचे कौतुक झाले, नियंत्रणाबद्दल कुरकुर झाली. जिथे एका लादीच्या अंतरावर मरण आहे तिथे बोट किंचित घसरले तर दोष खेळणाऱ्याचा की काचेचा, हे कळत नाही. ज्या खेळात हरल्यावर 'चूक माझीच' असे वाटणे हा आनंदाचा गाभा होता, तिथे हा संशय महागात पडतो. परंतु हा दोष एका स्टुडिओचा नाही. त्या वर्षांत कळफलकावरून काचेवर आलेल्या बहुतेक प्रत्येक धावत्या-उडत्या खेळाने तो सोसला आहे. आणि एक गोष्ट या पुनर्निर्मितीच्या बाजूने ठामपणे नोंदवली पाहिजे. ज्या भारतीय मुलांना १९९३ चा दुसरा भाग कधी मिळालाच नव्हता, त्यांना मोठेपणी तो त्यांच्याच खिशातील फोनवर अल्प किमतीत उपलब्ध झाला. अक्षरांची कुपी शोधावी लागली नाही आणि वीज गेली तरी बॅटरी होती. मात्र त्या भारतीय खेळणाऱ्यांपैकी किती जणांना हा खेळ पुण्यात झाला हे कळले असेल? चित्रपटाच्या श्रेयनामावलीसाठी खुर्चीत बसून राहणारी माणसे थोडी. खेळाच्या श्रेयनामावलीसाठी त्याहूनही थोडी.

याच सुमारास मूळ खेळाच्या बाबतीत एक विलक्षण घटना घडली होती. मेकनरने अॅपल-२ साठी लिहिलेली मूळ आज्ञावली हरवली होती. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांनी घरातील जुन्या सामानाची एक पेटी त्याला पाठवली. त्यात फ्लॉपींची एक चळत होती आणि तिच्यावर स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेले खेळाचे नाव. वीस-बावीस वर्षे जुन्या चुंबकीय चकतीवरील अक्षरे टिकली असतील की नाही, याची शाश्वती नव्हती. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या दोन जाणकारांच्या मदतीने एप्रिल २०१२ मध्ये ती वाचली गेली. मेकनरने ती आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. जगभरच्या हौशी माणसांनी ती अभ्यासली, आणि २०१८ मध्ये ब्रिटनमधील हौशी मंडळींनी तिच्या आधाराने हा खेळ बीबीसी मास्टर संगणकावर उतरवला. भारतातील 'क्लास' प्रकल्पात आलेल्या बीबीसी मायक्रोचाच हा पुढचा भाऊबंद. ज्या यंत्रावर तो राजपुत्र तरुणपणी कधी धावलाच नव्हता, तिथे तो आता एकोणतीस वर्षांनी धावू लागला.

फोनवरील खेळांचे नशीब वेगळे असते. फ्लॉपी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे खेळ असतो. फोनवरील खेळ मात्र दुकानाच्या यादीत आहे आणि फोनच्या प्रणालीला चालतो तोवरच असतो. २०१७ मध्ये आयफोनच्या अकराव्या प्रणालीने जुन्या ३२-बिट बांधणीचे सारे खेळ एका झटक्यात बाद केले. ज्यांना कंपन्यांनी नवे रूप दिले नाही ते उघडेनासे झाले. तळहातावर आलेली वस्तू तळहातावरून निसटण्यासाठी चोर लागत नाही, एक अद्ययावतीकरण पुरते. १९८९ चा खेळ मात्र जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने डॉसवरील जुन्या खेळांचा जो मोठा संग्रह खुला केला त्यात सामील झाला. नियमांच्या दृष्टीने फ्लॉपींची ती सर्रास नक्कल निषिद्धच होती, तरीही जुने खेळ जगात शिल्लक राहण्यास तिचा हातभार लागला, हे इतिहासकाराला अवघडून का होईना मान्य करावे लागते.

पुण्याच्या वाट्याला राजपुत्र आणखी एकदा आला. २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' हा नव्या कथेचा खेळ केला होता. त्याची कथा मेकनरनेच लिहिली. तिची सुरुवात भारतात होते. राजपुत्राचे सैन्य एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करते, तेथून काळ मागे फिरवणारा खंजीर लुटला जातो, आणि बंदिवान झालेली महाराजाची कन्या फरा हीच पुढे कथेची नायिका ठरते. १० सप्टेंबर २०२० रोजी या खेळाची संपूर्ण पुनर्निर्मिती जाहीर झाली आणि ती युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवली होती. २०१३ च्या फोनवरील खेळाच्या मानाने ही झेप फार मोठी होती. मोठ्या यंत्रांवरील, जगभर नाव असलेला खेळ प्रथमच भारतीय हातांत आला होता, आणि तोही असा की ज्यात लुटला गेलेला राजवाडा भारतातीलच.

पहिल्या चित्रफितीतील चित्रणावर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मार्चची अनिश्चित काळापुढे. मे २०२२ मध्ये हे काम पुणे आणि मुंबईकडून काढून मूळ खेळ जिथे झाला त्या माँट्रियलकडे देण्यात आले. आधी पैसे भरलेल्यांना ते परत करण्यात आले. पुढे २०२६ चे आश्वासन मिळाले, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत कंपनीने आपल्या पुनर्रचनेत काही खेळ रद्द केले त्यांत हाही होता. पुणे-मुंबईच्या मंडळींनी घडवलेले ते महाल, ती दालने, तो राजपुत्र आता कुणाला दिसणार नाहीत. त्या कामावर निर्णय देताना टीकाकारांनी चित्रफीत पाहिली होती, खेळ नव्हे. तो चांगला होता की सामान्य, हे ठरवण्याचा पुरावाच उरलेला नाही. मूळ खेळातील खंजिराला काही क्षण मागे नेता येत असे.

तेव्हा पुण्यात हातावेगळा होऊन लोकांच्या हाती पोहोचलेला राजपुत्र म्हणजे चिंध्यांतील, २०१३ चा. तो जुन्या फोनमध्ये अजून असेल तर सापडेल. घरोघरी कपाटांच्या खणात बंद पडलेले, काच तडकलेले फोन पडून असतात. त्यांपैकी एखाद्याला चार्जर लावला आणि तो सुरू झाला, तर छपरांवरून धावत बंदराकडे जाणारी ती आकृती कदाचित दिसेल. आणि १९८९ चा राजपुत्र पाहायचा असेल तर कोणत्याही संगणकावर इंटरनेट आर्काइव्ह उघडावे. तळघरातील लोखंडी दार आजही तसेच धाडकन बंद होते आणि साठ मिनिटे सुरू होतात. पहिल्या टप्प्यात तलवार डावीकडे, खालच्या बाजूला आहे.